लसीतलं ‘विष’ आणि नांगी मोडलेला विंचू



विश्रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी हल्ली आई-बाबा मोबाईल पुढे करतात. कधी लसीच्या खोक्यातल्या माहितीपत्रकाचा फोटो असतो, कधी नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज. त्यात ‘सीआरएम १९७’ या शब्दाभोवती लाल गोल केलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘हे घटसर्पाचं विष आहे.’ मग प्रश्न येतो, “डॉक्टर, दीड महिन्याच्या बाळाला विष टोचायचं?”

प्रश्न रास्त आहे. “काही होत नाही हो, घाबरू नका,” एवढं म्हणून लस टोचता येते. पण शंका घरी तशीच जाते आणि पुढच्या लसीला ते बाळ येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. विषय शास्त्राचा आहे, पण अवघड नाही.

घटसर्प नेमका कुणाचा?

आपल्या सांगली भागात ‘घटसर्प’ म्हटलं की आधी गोठा आठवतो. नातवाला घेऊन आलेले आजोबा विचारतात, “ती लस पावसाळ्याआधी म्हशीला देतात ना?” बरोबर आहे. जनावरांच्या घटसर्पात गळा सुजतो, श्वासाला घरघर लागते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकतं. त्याचा जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा. माणसाचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. तो कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी या वेगळ्याच जंतूमुळे होतो. दोन्हींत गळा धरतो, पण नावापलीकडे त्यांचं नातं नाही. म्हशीच्या घटसर्पापासून माणसाला डिप्थेरिया होत नाही आणि म्हशीची लस माणसाच्या कामाची नाही. या लेखात मी घटसर्प म्हणेन तो माणसाचा.

आजच्या तरुण आई-बाबांनी हा आजार पाहिलेलाच नसतो. मी शिकत असताना एका सरकारी रुग्णालयात सहा वर्षांची एक मुलगी पाहिली होती. एकही लस न मिळालेली. घशात राखाडी पापुद्रा, मान दोन्ही बाजूंनी सुजून बैलाच्या मानेसारखी झालेली. श्वासाला वाट करून दिली, औषधं सुरू झाली. हळूहळू पापुद्रा गेला, ताप उतरला, ती आईच्या हातून पेज पिऊ लागली. घरचे डिस्चार्ज कधी म्हणून विचारू लागले. दहाव्या दिवशी तिचं हृदय बंद पडलं. जंतू घशातच राहिले होते. हृदयापर्यंत गेलं होतं ते त्यांचं विष.

घटसर्पात जंतू शरीरभर पसरत नाहीत, त्यांचं विष पसरतं. म्हणून या आजाराची सगळी गोष्ट त्या विषाभोवती फिरते.

हे विष काम कसं करतं?

घटसर्पाचं विष हे एक प्रथिन आहे. ५३५ अमिनो आम्लं माळेत मणी ओवावेत तशी एकापुढे एक जोडलेली आणि मग त्या माळेची घट्ट गुंडाळी झालेली. समजायला सोपं जावं म्हणून विंचू डोळ्यांपुढे आणा. विषाच्या एका भागाला पाय म्हणू, दुसऱ्याला नांगी.

आपल्या पेशींच्या बाहेरच्या भिंतीवर एक खुंटी असते. ती पेशीच्या स्वतःच्या कामासाठी असते, पण विंचू नेमका तीच पायांनी पकडतो. खुंटीला धरलेली वस्तू पेशी आत ओढून घेते. आत गेल्यावर नांगीचा भाग सुटा होतो आणि पेशीचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतो. काम बंद पडलं की पेशी मरते. नांगीचा एकच रेणू पेशीत शिरला तरी ती पेशी मरायला पुरतो, हे १९७८ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. माणसासाठी या विषाची घातक मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.१ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे पाच किलोच्या बाळाला अर्धा मायक्रोग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका मण्याचा बदल

हे विष बनवण्याची कृती जंतूची स्वतःचीही नाही. जंतूंनाही विषाणूंची लागण होते. ज्या डिप्थेरियाच्या जंतूत असा एक ठरावीक विषाणू शिरलेला असतो, तोच हे विष बनवतो, कारण विषाचं जनुक त्या विषाणूत असतं. हे १९५१ साली कळलं. त्यामुळे शास्त्रज्ञांना वाट सापडली. त्या विषाणूच्या जनुकांत बदल घडवले तर विषही बदलेल.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पॅपेनहायमर आणि त्यांचे जपानी सहकारी उचिदा यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच केलं. विषाणूवर रसायनाचा मारा करून त्यांनी जनुकांत उत्परिवर्तनं घडवली आणि बिघडलेली विषं गोळा केली. काहींचे पाय गेले होते पण नांगी शाबूत होती. काहींची नांगी गेली होती पण पाय शाबूत होते. दोन्ही प्रकार पेशीला मारू शकत नव्हते. एकाला आत जाता येत नव्हतं, दुसऱ्याला आत जाऊन काही करता येत नव्हतं.

नांगी गेलेल्यांपैकी एक म्हणजे आपलं सीआरएम १९७. त्याची नोंद १९७३ साली झाली. पुढे १९८४ साली त्यात नेमका काय बदल आहे ते उलगडलं. माळेतला ५२ वा मणी ग्लायसिन असायला हवा होता, तिथे ग्लुटामिक आम्ल आलं. जनुकातलं एकच अक्षर बदललेलं. ग्लायसिन हा सगळ्यांत छोटा मणी. ग्लुटामिक आम्ल त्यापेक्षा मोठं आणि विद्युतभार असलेलं. ते नांगीच्या बरोबर कामाच्या जागी आलं. कुलपाच्या भोकात काडी अडकावी तसं झालं. विष ज्या रेणूच्या मदतीने पेशीचं काम बंद पाडतं, तो रेणू तिथे बसेनासा झाला. नांगी दिसायला आहे, पण तिच्यातून विष येत नाही.

आता नाव पाहा. सीआरएम म्हणजे क्रॉस रिॲक्टिंग मटेरियल. मूळ विषाविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी ज्याला धरतात, असा पदार्थ. म्हणजे विष गेलं तरी ओळख राहिली. या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे: एखादी वस्तू विषारी असणं आणि आपल्या प्रतिकारपेशींना ती ओळखता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काढून दुसरी ठेवता येते.

उंदराला काहीच होत नाही!

याच गोष्टीचा पुरावा निसर्गाने दुसऱ्या बाजूनेही देऊन ठेवला आहे. घटसर्पाचं विष गिनीपिगला टोचलं तर तो मरतो. उंदराला मात्र माणूस मरेल त्याच्या कितीतरी पट विष दिलं तरी तो पिंजऱ्यात फिरत राहतो.

कारण साधं आहे. पेशीवरची ती खुंटी उंदरातही आहे, पण तिचे काही मणी माणसाच्या खुंटीपेक्षा वेगळे आहेत. विंचवाचे पाय तिथून घसरतात. विष तेच आणि नांगीही शाबूत, पण त्याला आत शिरता येत नाही. सीआरएम १९७ मध्ये बदल विषात झाला. उंदरात तो यजमानाच्या बाजूला आहे. परिणाम मात्र सारखाच, पेशी वाचते.

आणि तरीही उंदराचं शरीर त्या विषाविरुद्ध अँटीबॉडी बनवतं! कारण ओळखण्याचं काम त्या खुंटीवर अवलंबून नाही. शरीरात डेंड्रिटिक पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. त्या परक्या प्रथिनाचे बारीक तुकडे करतात आणि ते टी-पेशींना दाखवतात. टी-पेशी तुकडा पाहून जाग्या होतात आणि पुढचं सैन्य हलवतात. तुकडे केल्यावर नांगी चालू होती की बंद, याला अर्थच उरत नाही.

शास्त्रज्ञांनी उंदराच्या या सवलतीचा हुशारीने उपयोग करून घेतला. उंदराच्या निवडक पेशींवर माणसाची किंवा माकडाची खुंटी बसवायची आणि मग विष टोचायचं. फक्त त्याच पेशी मरतात, बाकी उंदीर धडधाकट राहतो. २००२ साली अशा रीतीने उंदरातल्या डेंड्रिटिक पेशी नाहीशा केल्या. तेव्हा जंतू शरीरात शिरले तरी त्यांच्याशी लढणाऱ्या मारेकरी टी-पेशी जाग्याच झाल्या नाहीत. पहारेकऱ्याशिवाय सैन्य हलत नाही, हे असं सिद्ध झालं. ज्या विषाने ती सहा वर्षांची मुलगी गेली, तेच विष प्रतिकारशक्ती समजून घेण्याचं अवजार झालं.

यातून तुमच्या-माझ्या कामाचा एक मुद्दा निघतो. “उंदरांवर चाचणी केली, ती माणसाला कशी लागू?” असं कुणी विचारलं तर तो प्रश्न मुळात बरोबर आहे. घटसर्पाच्या बाबतीत उंदीर जगला म्हणून लस निर्धोक ठरत नाही, कारण उंदीर खऱ्या विषानेही मेला नसता. म्हणूनच विषाचा अंश राहिला आहे का, ही तपासणी गिनीपिगवर किंवा माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या व्हेरो पेशींवर करतात. त्यांना हे विष बाधतं. कोणत्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या प्राण्याला विचारायचं, हे लस तयार करणाऱ्यांना नीट माहीत असावं लागतं.

घोडा, परळ आणि हडपसर

ओळख माणसाच्या उपयोगी आणण्याचा पहिला मोठा प्रयोग घोड्यावर झाला. बेहरिंग आणि किटासाटो यांनी १८९० साली दाखवलं की, विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, दुसऱ्याला वाचवू शकतो. वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ चं, बेहरिंगना याच कामासाठी मिळालं. मोठ्या प्रमाणावर सीरम हवं म्हणून घोडा आला. घोड्यालाही हे विष बाधतं, म्हणून त्याला आधी कमजोर केलेलं विष थोडं थोडं वाढवत देतात. त्याचं शरीर अँटीबॉडी बनवतं आणि त्या काढून रुग्णाला टोचतात.

घोड्याचं हे सीरम आजही घटसर्पाचं मुख्य औषध आहे. पण त्याला मर्यादा आहे. रक्तात फिरणारं विष ते पकडतं, पेशीच्या आत शिरलेल्या विषापर्यंत पोहोचत नाही. म्हणून एकेक तास मोलाचा. शिवाय प्रथिन घोड्याचं असल्यामुळे काहींना त्याची जोराची ॲलर्जी येते. तयार अँटीबॉडी उसन्या घेण्यापेक्षा आपल्या पेशींनाच शिकवलेलं बरं, हा विचार इथूनच पुढे आला. १९२३ साली फ्रान्समध्ये रामाँ यांनी विषाला फॉर्मेलिन आणि ऊब देऊन टॉक्सॉइड बनवलं. त्रिगुणी आणि पेंटाव्हॅलंट लशीत आजही तेच असतं. आपल्या विंचवाच्या भाषेत सांगायचं तर टॉक्सॉइड म्हणजे फॉर्मेलिनने आखडून टाकलेला विंचू. सीआरएम १९७ आखडलेला नाही. तो मूळ आकारात आहे, फक्त जन्मतः नांगी निकामी.

महाराष्ट्रात सीरम आणि लशींचं काम परळच्या हाफकिन संस्थेत अनेक दशकं झालं. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मचे निवृत्त घोडे सीरमसाठी हाफकिनला जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांना सुचलं की सीरम आपणच का काढू नये. १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. संस्थेच्या नावातलं ‘सीरम’ ते हेच. त्याच संस्थेने हडपसरला बनवलेली न्यूमोसिल ही न्यूमोकोकसवरची लस डिसेंबर २०२० मध्ये भारतात आली. तिच्यात सीआरएम १९७ असतं.

न्यूमोनियाच्या लशीत घटसर्पाचं प्रथिन कशाला?

न्यूमोकोकस हा लहान मुलांच्या न्यूमोनियाचा आणि मेंदूज्वराचा एक मोठा कारण असलेला जंतू. त्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं जाड कवच असतं. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी ती साखर धरू शकतात. पण टी-पेशींना साखर दिसत नाही, त्यांना प्रथिनाचे तुकडे लागतात. टी-पेशींची मदत मिळाली नाही तर दोन वर्षांखालच्या बाळाच्या बी-पेशी अशा साखरेविरुद्ध नीट काम करत नाहीत आणि आठवणही ठेवत नाहीत. नेमक्या याच वयात हा आजार जास्त मारतो.

उपाय असा की साखर प्रथिनाला जोडायची. साखर ओळखणारी बी-पेशी ती जोडगोळी गिळते, आतल्या प्रथिनाचे तुकडे करते आणि टी-पेशींना दाखवते. टी-पेशी म्हणतात, हे आमच्या ओळखीचं, आणि बी-पेशीला कामाचा इशारा देतात. अनोळखी माणूस ओळखीच्या माणसाबरोबर आला की दार उघडतं, तसं. सीआरएम १९७ हा तो ओळखीचा माणूस. त्याचे काही तुकडे बहुतेक माणसांच्या टी-पेशींना ओळखता येतात, म्हणून या कामाला ते चांगलं पडतं. ही वाट नवी नाही. सीआरएम १९७ ला साखर जोडलेली न्यूमोकोकसची पहिली लस २००० साली अमेरिकेत आली होती.

आता तो आकडा. अशा लशीच्या एका मात्रेत सीआरएम १९७ तीसेक मायक्रोग्रॅम असू शकतं. खरं विष असतं तर अर्धा मायक्रोग्रॅम पाच किलोच्या बाळाला पुरला असता. गेली वीसहून अधिक वर्षं जगभरच्या कोट्यवधी बाळांना ही लस मिळते आहे आणि ती बाळं हसत-खेळत मोठी झाली आहेत. त्या एका मण्याने काय केलं, याचा यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

दवाखान्यात येणारे काही प्रश्न

“शरीरात गेल्यावर ते परत विषारी झालं तर?” होत नाही. उत्परिवर्तन जनुकात होतं. लशीत ना जिवंत जंतू असतो, ना त्याचं जनुक. असतं ते शुद्ध केलेलं प्रथिन. काही काळात शरीर त्याचे तुकडे करून टाकतं. कारखान्यातही प्रत्येक बॅच तपासूनच बाहेर पडते.

“न्यूमोकोकसच्या लशीत घटसर्पाचं प्रथिन आहेच, मग त्रिगुणीचा बूस्टर कशाला?” हा प्रश्न हुशार लोक विचारतात, पण उत्तर ‘हवाच’ असं आहे. इथे सीआरएम १९७ साखरेला वाहून नेण्यासाठी आहे. घटसर्पापासून संरक्षणासाठी पेंटाव्हॅलंट, त्रिगुणी आणि टीडी ठरल्याप्रमाणेच घ्यायच्या.

“लस दिल्यावर ताप येतो, ते विषामुळे का?” नाही. पहारेकरी पेशी कामाला लागल्या की ताप येतो, टोचलेली जागा दुखते. एक-दोन दिवसांत उतरतो. बाळ फार मलूल वाटलं, सतत रडत राहिलं किंवा ताप टिकला तर मात्र दाखवा.

“आता घटसर्प राहिलाय कुठे?” राहिला आहे. २०१६ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात त्याची साथ आली. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीत त्याने अनेक मुलं दगावली. जिथे लशी अर्धवट राहतात तिथे तो परत येतो.

आता हे करा

लसीकरणाचं कार्ड काढा आणि जुळवून पाहा. पेंटाव्हॅलंट ६, १० आणि १४ आठवड्यांना. न्यूमोकोकसची पीसीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना, बूस्टर ९ महिन्यांना. त्रिगुणीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, दुसरा ५ ते ६ वर्षांत. टीडी १० आणि १६ व्या वर्षी, आणि गरोदरपणात. या सगळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त चुकतात ते पाचव्या वर्षानंतरचे डोस. मूल शाळेत जायला लागलं की कार्ड कपाटात जातं. एखादा डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे जाता येतं.

मुलाचा घसा दुखतोय, थोडा ताप आहे आणि घशात राखाडी-पांढरा पापुद्रा दिसतोय किंवा मान सुजली आहे, तर घरी काडीने तो पापुद्रा खरवडू नका, रक्त येतं. गुळण्या करून दोन दिवस वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि लशी झाल्या आहेत की नाहीत ते सांगा. तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहता नुसत्या संशयावरही सीरम सुरू करावं लागतं, कारण पेशीत शिरलेलं विष परत काढता येत नाही.

आणि मोबाईलवर पुन्हा तसा मेसेज आला तर तो डिलीट करण्याआधी मला दाखवायला जरूर आणा. प्रश्न विचारणारे आई-बाबा मला आवडतात. फक्त उत्तर मिळेपर्यंत बाळाची लस थांबवून ठेवू नका.